अमेरिकेचा स्थलांतर कायदा पस्तीस वर्षे का रखडला आहे

अमेरिकेत कायमचे राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, नोकरीच्या आधारावर दरवर्षी किती जणांना द्यायचे आणि कोणत्या देशाच्या वाट्याला किती जागा येतील, हे आजही १९९० साली झालेल्या कायद्यानुसार ठरते. तो कायदा मंजूर झाला तेव्हा सोव्हिएत संघ अजून फुटला नव्हता, भारतात आर्थिक उदारीकरण सुरू व्हायचे होते आणि हिंजवडीत शेती होत होती. त्यानंतर पाच जण राष्ट्राध्यक्ष झाले, दोन्ही पक्षांना आलटूनपालटून सत्ता मिळाली, ही व्यवस्था कालबाह्य झाली आहे असे दोन्हीकडचे नेते वारंवार सांगत राहिले, आणि तरीही मूळ आकड्यांना हात लावणे कोणालाच जमले नाही.

रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांचे पटत नाही म्हणून कायदा होत नाही, असे याचे नेहमीचे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. गेल्या वीस वर्षांत सुधारणेच्या बाजूने एका किंवा दोन्ही सभागृहांत स्पष्ट बहुमत जमले, असे अनेकदा घडले, आणि तरी विधेयक पार पडले नाही. त्यामुळे बहुमत जमूनही विधेयक नेमके कुठे अडते, हे पाहायला हवे. ते अडते कामकाजाच्या नियमांत, अनेक विषयांची एकत्र मोट बांधण्याच्या पद्धतीत आणि प्रत्येक सदस्याला आपल्या मतदारसंघात वाटणाऱ्या धास्तीत. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या असंख्य मराठी कुटुंबांचे पुढचे आयुष्य या कोंडीवर अवलंबून असल्यामुळे ती नीट समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

दोन सभागृहे आणि साठ मतांची अट

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिच्या प्रतिनिधिगृहात ४३५ आणि सिनेटमध्ये १०० सदस्य असतात. आपल्याकडे लोकसभेत ज्याचे बहुमत त्याचेच सरकार असते, शिवाय पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी पक्षांतरबंदी कायद्याखाली जाऊ शकते, त्यामुळे सरकारने मनावर घेतलेले विधेयक सहसा अडत नाही. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक ९ डिसेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडले गेले, ११ तारखेला राज्यसभेने ते मंजूर केले आणि १२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो कायदा योग्य की अयोग्य हा वाद वेगळा आहे, आणि त्याचे नियम यायला पुढे मार्च २०२४ उजाडला, पण संसदेतले काम चार दिवसांत आटोपले, एवढाच मुद्दा येथे लक्षात घ्यायचा आहे. अमेरिकेत एवढ्या वादग्रस्त विषयावर असे होणे जवळजवळ अशक्य आहे. तिथे राष्ट्राध्यक्ष स्वतंत्रपणे निवडून येतो, पक्षांतरबंदी नाही, दोन्ही सभागृहांनी शब्दन् शब्द सारखा असलेला एकच मसुदा मंजूर करावा लागतो, आणि मतभेद झालाच तर आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १०८ मध्ये आहे तशी संयुक्त बैठकीची सोयही नाही. प्रत्येक काँग्रेसची मुदत दोन वर्षांची असते. विषम वर्षाच्या ३ जानेवारीला ती संपली की अर्ध्यावर राहिलेली सगळी विधेयके रद्द होतात आणि पुढच्या काँग्रेसमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

त्यात सिनेटची एक खास प्रथा आहे. सिनेटमध्ये चर्चेला वेळेची मर्यादा नसते. चर्चा थांबवून मतदान घ्यायचे असेल तर तसा ठराव करावा लागतो, आणि १९७५ पासून त्या ठरावाला १०० पैकी ६० मते लागतात. चर्चा संपू न देता विधेयक रोखून धरण्याच्या या हत्याराला फिलिबस्टर म्हणतात. पूर्वी त्यासाठी सदस्याला तासन् तास उभे राहून बोलावे लागे. आता बोलण्याचीही गरज उरलेली नाही, आपला विरोध आहे असे कळवले तरी साठ मतांचा अडसर उभा राहतो. एकाच पक्षाला साठ जागा मिळण्याचे प्रसंग फार विरळा, म्हणून विरोधी पक्षातल्या काही जणांना सोबत घेतल्याशिवाय कोणताही मोठा कायदा होत नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी ही अट २०१३ आणि २०१७ साली काढून टाकण्यात आली. कायद्यांसाठी ती कायम आहे.

प्रतिनिधिगृहात फिलिबस्टर नाही, पण तिथे कोणते विधेयक मतदानाला आणायचे हे प्रत्यक्षात सभापती ठरवतो, आणि हा सभापती आपल्या लोकसभाध्यक्षांप्रमाणे निःपक्ष मानला जात नाही, तो बहुमतातल्या पक्षाचा उघड नेता असतो. रिपब्लिकन पक्षात माजी सभापती डेनिस हॅस्टर्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा एक अलिखित नियम रूढ झाला: सभागृहात बहुमत असले तरी पुरेसे नाही, आपल्या पक्षातल्या निम्म्याहून अधिक सदस्यांची संमती असेल तरच विधेयक पटलावर आणायचे. याचा परिणाम असा होतो की ४३५ पैकी ३०० जणांना एखादी गोष्ट हवी असली तरी सव्वाशेच्या आसपास सदस्य ती मतदानापर्यंत पोहोचू देत नाहीत. सभापतीला वळसा घालण्यासाठी २१८ सह्यांचा अर्ज करता येतो, पण स्वपक्षाच्या सभापतीविरुद्ध सही करायला धाडस लागते. २०१८ साली बालपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या तरुणांसाठी काही रिपब्लिकन सदस्यांनीच असा अर्ज फिरवला होता. त्यावर २१६ सह्या झाल्या. दोन कमी पडल्या.

आकडे कसे गळा आवळतात

आता कायद्याच्या पोटात शिरू, कारण रखडणे म्हणजे काय हे आकड्यांशिवाय कळत नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डे द्यायची, असे १९९० च्या कायद्यात म्हटले आहे. त्यांचे पाच गट आहेत. आपल्याकडचे बहुतेक अभियंते दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटात बसतात, आणि या प्रत्येक गटाला एकूण संख्येच्या २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,००० जागा मिळतात. त्यावर दुसरी अट अशी की कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक वाटा द्यायचा नाही. चाळीस हजारांचे सात टक्के म्हणजे सुमारे २,८००. या २,८०० मध्ये नोकरी करणाऱ्याबरोबर त्याची बायको आणि मुलेही मोजली जातात. चौघांचे कुटुंब धरले तर एका गटात वर्षाला भारताची सातशेच कुटुंबे मार्गी लागतात.

एसटीच्या एका गाडीत प्रत्येक गावाला दोनच जागा राखून ठेवाव्यात, मग गाव पन्नास उंबऱ्यांचे असो की पाच हजारांचे, असा हा हिशेब आहे. आइसलँडला जेवढी कमाल मर्यादा तेवढीच भारताला. दुसरीकडे, एच१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसाला देशवार मर्यादा नाही, आणि दरवर्षी मंजूर होणाऱ्या एच१बी अर्जांपैकी सुमारे ७० टक्के अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात. आत येण्याचे दार रुंद आणि कायमचे होण्याचे दार चिंचोळे, अशा या रचनेमुळे रांग फुगतच गेली. नोकरीच्या गटांत ताटकळणाऱ्या भारतीयांची संख्या, कुटुंबीय धरून, दहा लाखांच्या वर गेली आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दरमहा एक व्हिसा बुलेटिन काढते. त्यात कोणत्या देशाचा, कोणत्या गटातला, कोणत्या तारखेपर्यंतचा अर्ज विचारात घेतला जात आहे हे छापलेले असते. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत भारतासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात २०१३ सालचे अर्ज पुढे सरकत होते. इतर देशांनी न वापरलेल्या जागा कधीकधी रांगेतल्या सर्वांत जुन्या अर्जदारांना मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात २,८०० पेक्षा जास्त कार्डे मिळालेली वर्षेही आहेत. पण रांगेच्या लांबीपुढे हा दिलासा अगदीच तोकडा आहे.

यातली सर्वांत विचित्र गोष्ट म्हणजे हा वाटा नागरिकत्वावरून ठरत नाही, जन्मस्थळावरून ठरतो. समजा, रत्नागिरीच्या एका कुटुंबातले वडील काही वर्षे मस्कतला नोकरीला होते. थोरल्या मुलीचा जन्म तिथे झाला, धाकटीचा रत्नागिरीला परतल्यावर. दोघींचे पासपोर्ट भारतीय, दोघींनी पुण्याच्या एकाच महाविद्यालयातून पदवी घेतली, दोघी अमेरिकेत एकाच प्रकारची नोकरी करतात. थोरलीची गणना ओमानच्या वाट्यात होईल आणि तिला फार थोड्या काळात ग्रीन कार्ड मिळेल. धाकटी भारताच्या रांगेत उभी राहील आणि आजच्या गतीने तिचा नंबर कधी लागेल हे कोणीही सांगू शकणार नाही. तिचे लग्न दुसऱ्या देशात जन्मलेल्या माणसाशी झाले तर नवऱ्याच्या देशाचा वाटा तिला वापरता येतो, एवढी एकच पळवाट कायद्यात आहे. ज्या कायद्याचे असे परिणाम होतात तो दुरुस्त करावा याला तत्त्वतः फारसा कोणाचा विरोध नाही, आणि म्हणूनच तो रखडण्याची कहाणी मनाला लागते.

मोट का सुटत नाही

स्थलांतराचा विषय अमेरिकेत एकच नसून तीन विषयांची मोट आहे. पहिला विषय मेक्सिकोच्या सीमेचा आणि तिथून आत येणाऱ्या आश्रयार्थींचा. दुसरा, परवान्याशिवाय वर्षानुवर्षे देशात राहणाऱ्या एक कोटीहून अधिक माणसांचे काय करायचे हा. आणि तिसरा, कायदेशीर मार्गाने आलेल्यांच्या रांगांचा. आपल्या लोकांचा संबंध प्रामुख्याने तिसऱ्याशी येतो. पण हे तीन विषय सुटे केले तर सौदा करायला हातात काही उरत नाही, अशी दोन्ही पक्षांची धारणा आहे. उद्योगांना हवी असलेली रांगांची दुरुस्ती आधीच देऊन टाकली, तर परवाना नसलेल्यांसाठी उद्योगसमूह आपल्या बाजूने का उभे राहतील, असे डेमोक्रॅटांना वाटते. सीमा बंद होण्याआधी काहीही दिले तर सीमा कधीच बंद होणार नाही, असे रिपब्लिकनांना वाटते. त्यामुळे ज्या छोट्या दुरुस्तीला सर्वांची मान्यता आहे ती मोठ्या भांडणाला ओलीस राहते.

या अविश्वासाचे मूळ १९८६ मध्ये आहे. रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या त्या वर्षीच्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला आणि त्याच्या बदल्यात परवाना नसलेल्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड करण्याची तरतूद केली. दर्जा मिळाला, पण खोट्या कागदपत्रांमुळे आणि ढिल्या अंमलबजावणीमुळे मालकांवरचा वचक बसलाच नाही. आपल्याला फसवले गेले, आता आधी सीमा आणि मग बाकीचे, हा पुराणमतवादी मतदारांचा आग्रह तेव्हापासूनचा आहे. डेमोक्रॅटांची तक्रार उलटी आहे: त्यानंतर सीमेवरचे पहारेकरी, कुंपण, खर्च सारे काही अनेक पटींनी वाढले, पण त्या बदल्यात कबूल केलेला कायदेशीर मार्ग कधी आला नाही. माझ्या मते दोन्ही तक्रारींत तथ्य आहे, आणि म्हणूनच कोणी आधी पाऊल टाकायचे यावर इतकी वर्षे वाया गेली.

२००५ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाने फक्त बंदोबस्तावर भर देणारे कडक विधेयक मंजूर केले, मे २००६ मध्ये सिनेटने ६२ विरुद्ध ३६ मतांनी अगदी वेगळे, सर्वसमावेशक विधेयक मंजूर केले, आणि दोन्ही मसुदे जुळवायला कोणी बसलेच नाही. २००७ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्वतः जोर लावलेले विधेयक सिनेटमध्ये ४६ मतांवर अडकले. बालपणी आणल्या गेलेल्यांना कायदेशीर दर्जा देणारा ड्रीम कायदा तर २००१ साली ऑरिन हॅच आणि डिक डर्बिन या दोन पक्षांच्या दोन सिनेटरांनी मिळून मांडलेला होता. डिसेंबर २०१० मध्ये तो प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध १९८ ने मंजूर झाला, सिनेटमध्ये त्याला ५५ विरुद्ध ४१ अशी मते पडली. म्हणजे दोन्ही सभागृहांत बहुमत आणि राष्ट्राध्यक्षांची सही करण्याची तयारी असूनही, साठाला पाच कमी पडल्यामुळे तो मेला.

सर्वांत जवळ पोहोचलेला प्रयत्न २०१३ चा. जॉन मॅकेन, मार्को रुबिओ, लिंडसे ग्रॅहम आणि जेफ फ्लेक हे चार रिपब्लिकन आणि चक शूमर, डिक डर्बिन, बॉब मेनेंडेझ आणि मायकेल बेनेट हे चार डेमोक्रॅट अशा आठ सिनेटरांनी अनेक महिने बसून एक विधेयक तयार केले. सीमेवर सुमारे २०,००० जादा पहारेकरी, कामगारांची सक्तीची पडताळणी, परवाना नसलेल्यांना दंड आणि कर भरून तेरा वर्षांनी नागरिकत्वाची वाट, असे सगळ्यांना काहीतरी देणारे आणि सगळ्यांकडून काहीतरी घेणारे ते विधेयक होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा त्यात काढून टाकली होती, आणि बायको-मुलांची गणना मुख्य संख्येत करायची नाही असेही ठरले होते. २७ जून २०१३ रोजी सिनेटने ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. चौदा रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले.

प्रतिनिधिगृहात तेव्हा रिपब्लिकनांचे बहुमत होते. जवळपास सगळे डेमोक्रॅट आणि थोडे रिपब्लिकन मिळून ते विधेयक पार होऊ शकले असते, पण सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानाला आणलेच नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या पक्षातल्या बहुसंख्यांना ते नको होते. तरीही वर्षभर बोलणी चालू राहिली. मग १० जून २०१४ रोजी व्हर्जिनियातल्या एका मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाची अंतर्गत निवडणूक झाली. पक्षाचा उमेदवार कोण हे तिथे वरिष्ठ ठरवत नाहीत, मतदार ठरवतात. प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकनांचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर त्या निवडणुकीत डेव्ह ब्रॅट नावाच्या फारशा परिचित नसलेल्या प्राध्यापकाकडून हरले. कँटर हे बेकायदा आलेल्यांना माफी द्यायला निघाले आहेत, हा ब्रॅट यांच्या प्रचारातला मुख्य आरोप होता. मतदान केलेल्यांची संख्या ६५ हजारांच्या आसपास होती. महिना संपायच्या आत बेनर यांनी ओबामांना कळवले की यंदा स्थलांतराच्या विधेयकावर मतदान होणार नाही.

एका मतदारसंघातल्या पासष्ट हजार मतदारांनी बत्तीस कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशाचे धोरण थांबवले, असे म्हणणे थोडे ढोबळ होईल, पण त्या निकालाने प्रत्येक रिपब्लिकन सदस्याला जो धडा मिळाला तो खरा आहे. बहुतेक मतदारसंघ कोणत्या तरी एका पक्षाचे पक्के बालेकिल्ले असल्यामुळे सदस्याला विरोधी पक्षाची भीती नसते, भीती असते ती स्वतःच्या पक्षातून उभ्या राहणाऱ्या आव्हानाची. अंतर्गत निवडणुकीला मतदान कमी होते आणि येणारे मतदार अधिक कट्टर असतात. अशा सदस्यासाठी तडजोड करणे हेच सर्वांत मोठे जोखमीचे काम होऊन बसते.

एका सदस्याची हरकत

२०१९-२० मधला प्रयत्न मुद्दाम सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण तो भारतीयांच्या रांगेपुरताच होता आणि त्यात दोन पक्षांचे भांडण जवळजवळ नव्हतेच. डेमोक्रॅट झो लॉफग्रेन आणि रिपब्लिकन केन बक यांनी मांडलेले हे विधेयक मुख्यतः असे म्हणत होते की नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची सात टक्क्यांची देशवार मर्यादा काढावी आणि जो आधी रांगेत लागला त्याला आधी कार्ड मिळावे. १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहाने ते ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये रिपब्लिकन माइक ली आणि डेमोक्रॅट कमला हॅरिस यांनी तसेच विधेयक आणले होते.

पण सिनेटच्या वेळापत्रकात त्याला जागा मिळेना, म्हणून ली यांनी सर्वसंमतीचा मार्ग धरला. त्यात सदस्य उभा राहून विनंती करतो की हे विधेयक मंजूर झाले असे समजावे, पीठासीन अधिकारी कोणाची हरकत आहे का असे विचारतो, आणि शंभरांतल्या एकाही सदस्याने हरकत घेतली तर विषय तिथेच संपतो. हरकतीचे कारण सांगावे लागत नाही आणि मतदानही घ्यावे लागत नाही. आधी केंटकीचे रँड पॉल यांनी हरकत घेतली, कारण भारतीयांची रांग पुढे आली की परदेशी परिचारिकांची भरती खोळंबेल अशी त्यांना चिंता होती. त्यांचे समाधान झाल्यावर जॉर्जियाचे डेव्हिड पर्ड्यू उभे राहिले. त्यांच्यानंतर डर्बिन, म्हणजे ड्रीम कायद्याचे तेच जनक. एकूण कार्डांची संख्या वाढवल्याशिवाय नुसती मर्यादा काढली तर इतर देशांतून आलेल्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे चुकीचे नव्हते. १,४०,००० हा आकडा तसाच ठेवून केलेली कोणतीही फेरवाटणी एकाची रांग कमी करते आणि दुसऱ्याची वाढवते. पण संख्या वाढवायला दुसऱ्या पक्षाची तयारी नव्हती, त्यामुळे दोन रास्त भूमिकांमध्ये विधेयक चेंगरले. डर्बिन यांच्याशी तडजोड झाली, तेव्हा फ्लोरिडाचे रिक स्कॉट आडवे आले. अखेर २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने सर्वसंमतीने ते मंजूर केले, पण तोवर इतक्या जणांच्या समाधानासाठी इतके बदल झाले होते की प्रतिनिधिगृहाचा मसुदा आणि सिनेटचा मसुदा एक राहिला नव्हता. दोन्ही जुळवायला महिना उरला होता, तेवढ्यात ते जुळले नाहीत, ३ जानेवारी २०२१ ला ती काँग्रेस संपली आणि दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक कायदा न होताच रद्द झाले. २०२२ च्या डिसेंबरात त्याचे नवे रूप प्रतिनिधिगृहात मतदानासाठी आले होते, पण पुरेशी मते नाहीत असे दिसल्यावर ते मागे घेण्यात आले.

साठ मतांना वळसा घालण्याची एक वाट आहे. अर्थसंकल्पाशी थेट संबंध असलेले विधेयक वर्षातून एखाद्या वेळी साध्या बहुमताने मंजूर करता येते. मात्र त्यातल्या तरतुदी मुख्यतः जमा-खर्चाच्या असायला हव्यात, आणि त्या तशा आहेत की नाहीत याबद्दल सिनेटच्या संसदीय सल्लागार मत देतात. २०२१ साली डेमोक्रॅटांनी या वाटेने स्थलांतराच्या सुधारणा घालण्याचा तीनदा प्रयत्न केला. एलिझाबेथ मॅकडोना या सल्लागारांनी तिन्ही वेळा नकार दिला, कारण हा धोरणातला मूलभूत बदल आहे आणि त्यातला पैशाचा भाग गौण आहे. २०२५ साली रिपब्लिकनांनी हीच वाट बंदोबस्तासाठी वापरली. ४ जुलैला सही झालेल्या त्यांच्या मोठ्या विधेयकात भिंतीसाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलर आणि स्थानबद्धता केंद्रांसाठी ४५ अब्ज डॉलर होते, आणि सिनेटमध्ये ते ५१ विरुद्ध ५० मतांनी पार पडले. या नियमांचा कल कुठे आहे ते यावरून दिसते. पकडणे, कोंडणे आणि परत पाठवणे यांसाठी पैसा लागतो, तो पैसा एक्कावन्न मतांनी मिळतो. ग्रीन कार्डांची संख्या वाढवणे हा धोरणाचा बदल ठरतो, त्याला साठ लागतात. दोन पक्ष सारखेच हट्टी आहेत असे गृहीत धरले तरी फळ एकाच दिशेला पडत राहते.

२०२४ ची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. युक्रेनच्या मदतीला सीमेचा बंदोबस्त जोडा, अशी मागणी रिपब्लिकनांनीच केली, त्यांचे जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष क्रिस्टन सिनेमा यांनी चार महिने वाटाघाटी करून ४ फेब्रुवारीला मसुदा जाहीर केला, आणि तीनच दिवसांनी तो ४९ विरुद्ध ५० ने अडला. डोनाल्ड ट्रम्प यांनी विरोध केला होता आणि निवडणूक नऊ महिन्यांवर होती. चारच रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले. त्या मसुद्यात पाच वर्षांत अडीच लाख जादा ग्रीन कार्डे आणि एच१बीधारकांच्या वयात येणाऱ्या मुलांना संरक्षण होते, याची भारतीय वृत्तपत्रांतही फारशी दखल घेतली गेली नाही.

कायदा नसतो तेव्हा राज्य कशाचे चालते

संसद गप्प बसली तरी प्रश्न थांबत नाहीत, त्यामुळे मोकळी जागा राष्ट्राध्यक्षांचे आदेश आणि न्यायालयांचे निकाल भरून काढतात. ड्रीम कायदा अडल्यावर ओबामांनी १५ जून २०१२ रोजी अशा तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरते संरक्षण देणारी डाका नावाची सवलत आदेशाने दिली. ट्रम्प यांनी २०१७ साली ती काढून घेतली, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने काढण्याची पद्धत चुकीची ठरवली, आणि त्यानंतरही खटले सुरूच राहिले. एच१बीधारकांच्या जोडीदारांना नोकरीची मुभा २०१५ साली मिळाली, तीही एका नियमाने. कायद्यात ती नाही, म्हणून कोणतेही प्रशासन ती मागे घ्यायला निघू शकते. १९ सप्टेंबर २०२५ रोजी नव्या एच१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारी घोषणा निघाली, तीही आदेशानेच, १९५२ च्या मूळ कायद्यातल्या अधिकाराच्या आधारावर. एका शुक्रवारच्या सहीने भारतात सुट्टीवर आलेले कितीतरी जण विमानतळांकडे धावले, कारण हे शुल्क कोणाला लागू आहे हे पहिल्या दिवशी स्पष्ट नव्हते.

सर्वांत जास्त सोसतात ती मुले. आई-वडिलांच्या व्हिसावर तान्हेपणी अमेरिकेत गेलेल्या मुलाचा त्या व्हिसावरचा हक्क एकविसाव्या वर्षी संपतो. २००२ च्या एका कायद्याने वय मोजण्यात थोडी सूट दिली आहे, पण दहा-पंधरा वर्षांच्या रांगेला ती पुरत नाही. मग त्या मुलाला परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यावा लागतो, अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क भरावे लागते, आणि नोकरीसाठी एच१बीच्या सोडतीत नशीब आजमावावे लागते. डाकाचा आधारही त्याला नाही, कारण डाकासाठी २०१२ मध्ये कायदेशीर दर्जा नसणे ही अट होती, आणि त्याच्या आई-वडिलांनी तर प्रत्येक कागद वेळेवर भरलेला होता. या मुलांसाठीचे विधेयक सिनेटमध्ये २०२१ साली डेमोक्रॅट अॅलेक्स पडिया आणि रिपब्लिकन रँड पॉल यांनी मिळून मांडले. इतक्या टोकाच्या दोन सदस्यांचे एकमत असूनही ते समितीपलीकडे गेले नाही. मतदानाचा हक्क नसलेल्यांचे नुकसान कोणत्याही सदस्याच्या निवडणुकीत मोजले जात नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे असे मला वाटते.

कोंडीचे नुकसान आणखी एका ठिकाणी दिसते. कोविडच्या काळात परदेशातल्या वकिलाती बंद राहिल्याने नातेवाइकांसाठी राखलेल्या कुटुंबगटातली न वापरलेली कार्डे नियमानुसार पुढच्या वर्षी नोकरीच्या गटांकडे वळली आणि २०२१ च्या आर्थिक वर्षात ती संख्या २,६२,००० च्या घरात गेली. पण स्थलांतर खात्याला वर्ष संपायच्या आत सगळे अर्ज निकाली काढता आले नाहीत आणि सुमारे ६६ हजार कार्डे वाया गेली. लाखो लोक रांगेत उभे असताना वाया गेलेली ही कार्डे परत मिळवायची तर त्यालाही नवा कायदाच करावा लागतो.

यापुढे अमेरिकेतल्या एखाद्या विधेयकाची बातमी व्हॉट्सअॅपवर आली की काही गोष्टी तपासून पाहाव्यात. विधेयक नुसते मांडले गेले असेल तर त्याला फारसा अर्थ नसतो, कारण दर काँग्रेसमध्ये हजारो विधेयके मांडली जातात. बेळगावच्या मातीत वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२३ पासून प्रतिनिधिगृहाचे सदस्य आहेत, पण एखाद्या सदस्याची तळमळ कितीही खरी असली तरी वर सांगितलेल्या फाटकांतून विधेयक एकट्याच्या बळावर जात नाही. दुसऱ्या पक्षाचे किती सदस्य त्यावर सही करून सोबत आले आहेत, न्याय समितीने त्यावर कलमवार विचार सुरू केला आहे का, सिनेटमध्ये साठाचा हिशेब कोणी मांडत आहे का, हे पाहावे. त्यातही संरक्षण खर्चाच्या वार्षिक विधेयकाला ही तरतूद जोडण्याचा प्रयत्न होत असेल तर विशेष लक्ष द्यावे, कारण ते विधेयक दरवर्षी मंजूर करावेच लागते आणि अशा विधेयकाच्या पाठीवर बसलेली छोटी दुरुस्ती कधीकधी पार होऊ शकते. सध्याच्या काँग्रेसची मुदत ३ जानेवारी २०२७ रोजी संपेल, आणि तोपर्यंत मंजूर न झालेल्या प्रत्येक विधेयकाला त्यानंतर नवा क्रमांक घेऊन पुन्हा समितीच्या दारात उभे राहावे लागेल.